ख्रिस्तपुराण आणि पास्काची रात्र

फाल्गुन महिना गोव्यात दोन तऱ्हांनी येतो. एकीकडे मांडावर ढोल-ताशे घुमत असतात, शिगम्याचे मेळ दारोदार फिरत असतात, अंगणात गुलाल पडलेला असतो. दुसरीकडे इंत्रुजाची तीन दिवसांची धमाल आटोपून ख्रिस्ती वाड्यांवर कोरेज्म सुरू झालेला असतो. कोरेज्म म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. पोर्तुगीजांच्या ‘क्वारेज्मा’चे हे आपल्या गोंयकारी तोंडात बसलेले रूप. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतली की या दिवसांत लग्नाचे बाजे वाजत नाहीत, शुक्रवारी मांस शिजत नाही आणि संध्याकाळी माणसे इगर्जीत खुरसाची वाट चालायला जमतात.

मी अंत्रूज महालातला, म्हणजे फोंड्याकडचा. लहानपणी मला यातली पहिलीच तऱ्हा ठाऊक. आमच्याकडे पुराण ऐकायचे ते चातुर्मासात, कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेच्या देवळात. आजी माझा हात धरून न्यायची. भटजी ओवी म्हणत, मग तिचा अर्थ सांगत. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण कुठली कथा कुठे थांबली हे ती दुसऱ्या दिवशी बिनचूक सांगे. ओवी मराठी, भटजींचे निरूपण मराठी आणि घरी येताना आजीचे त्यावरचे भाष्य मात्र खणखणीत कोकणी. यात काही वेगळे आहे असे आम्हाला कधी वाटलेच नाही. देवाच्या कथेची भाषा एक आणि चुलीपुढची एक, दोन्ही आपल्याच.

पुढे नोकरीनिमित्त मडगावला बिऱ्हाड केले तेव्हा कोरेज्माशी ओळख झाली. माझा एक सासष्टीकर मित्र गावच्या इगर्जीत वाचक आहे. आयताराच्या मिसेला बायबलमधली वाचने मोठ्याने वाचायची हे त्याचे काम. गेली कित्येक वर्षे तो ते निष्ठेने करतो. आदल्या दिवशी घरी दोनदा-तीनदा वाचून सराव करतो. एका कोरेज्मात, तिसऱ्या आयताराच्या आदल्या संध्याकाळी, मी त्याच्या घरी बसलो होतो. त्याच्या हातात रोमी लिपीतले कोकणी पुस्तक होते. वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, “आरे, तूं मराठी शिकिल्लो. ‘प्राचीत’ उतर खंयचें रे?”

मी म्हटले, “प्रायश्चित्त.”

“आनी ‘कुर्पा’?”

“कृपा.”

तो हसला. “म्हणजे आमचें सगळें तुमगेलेंच!” आत चुलीकडून त्याची आई ओरडली, “तुमगेलें-आमगेलें खंयचें? एकूच तें!”

थट्टेत निघालेला तो विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. ‘प्राचीत’, ‘कुर्पा’, ‘उपास’, ‘सोडवणदार’, ‘सासणाचें जिवीत’ हे शब्द पोर्तुगालहून गलबतात बसून आले नव्हते. कुणीतरी इथे बसून, इथल्या माणसांना विचारून, एकेक शब्द निवडून बायबलच्या कथेला लावला होता. कोणी, कुठे, कशासाठी? शोध घेत गेलो आणि पोचलो राशोलला, फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापाशी.

स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातले. जन्म १५४९च्या सुमाराचा. कॅथलिकांना इंग्लंडमध्ये राहणे कठीण झालेल्या त्या काळात ते रोमला जाऊन जेजुइट संघात दाखल झाले आणि १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्याला उतरले. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे १६१९पर्यंत, चाळीस वर्षे ते इथेच होते आणि त्यातली बहुतेक सासष्टीत गेली. ते कोकणी शिकले, मराठी शिकले. कोकणीत त्यांनी ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी लिहिली, ती १६२२ साली छापली गेली. कोकणीचे व्याकरण लिहिले, ते १६४०मध्ये राशोलला छापले गेले. दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर. हयातीत छापलेले त्यांचे मोठे पुस्तक एकच, आणि ते मराठी ओवीत आहे. १६१६ साली राशोलच्या छापखान्यात रोमन लिपीत ते छापले गेले. पहिल्या छापाचे नाव पोर्तुगीज होते. तारणारा येशू ख्रिस्त जगात आला त्याविषयीचे विवेचन, असा त्याचा अर्थ. पण आपण सगळे त्याला ओळखतो ते ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून.

शाळेच्या पुस्तकात स्टीफन्स भेटतात ते मराठीचे गोडवे गाणारे परदेशी पाद्री म्हणून. त्या चार ओव्या पाठ करायच्या, दोन गुण मिळवायचे आणि पुढे जायचे. ओव्या सुंदरच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून तेवढ्याच उचलल्या की ग्रंथ लिहिण्याचे कारण नजरेआड होते. ते कारण स्टीफन्स यांनी स्वतःच, पहिल्याच अवस्वरूत सांगून ठेवले आहे. अवस्वरू म्हणजे अध्याय.

प्रसंग सासष्टीतला आहे. आयतार संध्याकाळ, इगर्जीत मुलांना प्रश्नोत्तरी शिकवणे चालले आहे. तेवढ्यात तिथला एक ब्राह्मण पुढे येतो, नमस्कार करतो आणि पाद्रीला विचारतो की ही शिकवण ठीक आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला दुसरे काही का करून देत नाही? या मागणीला उत्तर म्हणून पाद्री पुराण सांगू लागतो.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. पुराणे बंद केलीत हे वाक्य पाद्रीच्याच ग्रंथात आहे. त्याने ते लपवलेले नाही. त्यामागे जे घडले ते आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते.

१५६७मध्ये राशोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याच्या हातून सासष्टीतली देवळे पाडली गेली. देऊळ उभारणे, उत्सव करणे, भटजी-पुराणिकांनी गावात राहणे यांवर एकामागून एक हुकूम निघाले. त्याआधीच, १५५०च्या दशकाच्या अखेरीस, एका ब्राह्मणाच्या घरातून पुराणाच्या पोथ्या पळवून जेजुइटांच्या कॉलेजात आणल्या गेल्या होत्या. ही हकीगत जेजुइटांच्या पत्रांतूनच कळते, आणि त्या पोथ्यांचा उपयोग लोकांना बळेच बसवून दिलेल्या प्रवचनांत खंडनासाठी होत असे. १५६०मध्ये इन्क्विझिशन आले, ते १८१२पर्यंत मधल्या एका छोट्या खंडाखेरीज राहिले.

आमची शांतादुर्गा मूळची केळशीची, सासष्टीतली. १५६०च्या दशकात तिला घेऊन माणसे रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात आली. तेव्हा फोंड्याकडचा मुलूख पोर्तुगीजांचा नव्हता. तो त्यांच्या हाती आला दोनशे वर्षांनी, १७६३मध्ये. केळशी म्हणजे कृष्णदास शामांचे गाव. १५२६ साली त्यांनी श्रीकृष्णचरित्राची कथा मराठी ओवीत रचायला घेतली ती तिथेच. त्या काळच्या गोव्यातल्या कृष्णकथा आणि रामायण-महाभारताच्या गोष्टी आज कुठे आहेत? पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात, रोमन लिपीत उतरवलेल्या हस्तलिखितांत. आपली भाषा शिकण्यासाठी आणि आपला धर्म खोडून काढण्यासाठी पाद्र्यांनी करून घेतलेल्या त्या नकला. ज्यांनी बंद केल्या त्यांच्याच कपाटात त्या टिकल्या.

स्टीफन्सही या साऱ्यापासून दूर नव्हते. १५८३च्या जुलैत कुंकळ्ळीला रोदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेजुइट मारले गेले, तेव्हा त्यांचे मृतदेह परत मिळवून आणण्याचे काम स्टीफन्स यांनी केले. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गांवकारांना बोलणी करण्यासाठी म्हणून आसळ्ण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. दोन्ही बाजूंचे रक्त पाहिलेला हा माणूस. पुढची तीस-बत्तीस वर्षे त्याच सासष्टीत राहून, त्याच लोकांची भाषा ऐकून त्याने पुराण लिहिले. त्याला मी चांगला म्हणू की वाईट? वर्षे गेली तरी मला एका शब्दात उत्तर देता येत नाही आणि आता मी तसा प्रयत्नही करीत नाही.

पण त्या ब्राह्मणाची मागणी मात्र मला नीट समजते, कारण माझ्या आजीला मी देवळात बसलेली पाहिले आहे. इगर्जीत त्या काळी वाचने होत नव्हती का? होत होती, पण लॅटिनमध्ये. झावळ्यांच्या रविवारी मत्तयचे शुभवर्तमान, मंगळवारी मार्कचे, बुधवारी लूकचे आणि शुभ शुक्रवारी योहानाचे, असे येशूच्या छळाचे आणि मृत्यूचे चारही वृत्तांत गाऊन वाचण्याची रीत होती. एकाने कथा सांगायची, एकाने येशूचे शब्द, एकाने बाकीच्यांचे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी जुन्या करारातली बारा वाचने होत, आणि तीही लॅटिनमध्येच. सासष्टीतला शेतकरी, रेंदेर, खारवी हे सगळे उभ्याने, गुडघ्यांवर ऐकत होता. सूर कानी पडे, अर्थ नाही. ज्या माणसांना शतकानुशतके ओवी आणि मग तिचा अर्थ अशी सवय, त्यांना नवा देव मिळाला आणि कथा मिळाली नाही. प्रश्नोत्तरी पाठ करून माणसाची तहान भागत नाही. ती भागते गोष्टीने.

स्टीफन्स यांनी हे ओळखले. प्रश्नोत्तरी त्यांनी चुलीपुढच्या कोकणीत लिहिली, पण पुराण लिहायची वेळ आली तेव्हा मराठी घेतली आणि ती इथल्या लोकांना समजावी म्हणून तिच्यात इथल्या बोलीचे शब्द मिसळले. आजच्या भाषावादात हा पुरावा दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात, त्यात मला शिरायचे नाही. मला त्यात दिसते ते माझ्या आजीचेच गणित. देवाची कथा ज्या भाषेत ऐकायची इथल्या कानांना सवय होती, ती भाषा स्टीफन्स यांनी उचलली. लिपीही त्यांना इथलीच हवी होती. १६०८मध्ये रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापलेली पाहण्याची इच्छा कळवली आहे. अक्षरांचे खिळे फार करावे लागतात ही अडचण होती, ती संख्या कमी करता येईल असेही त्यांनी सुचवले होते. ते घडले नाही. पुराण रोमन अक्षरांतच निघाले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू, दुसऱ्यात एकोणसाठ. पहिल्यात जुन्या कराराची कथा आहे. जगाची उत्पत्ती, आदिमानवांचे पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद राजा, संदेष्टे आणि तारणाऱ्याची वाट पाहणे. दुसऱ्यात येशूचा जन्म, शिकवण, छळ, मृत्यू आणि पुनरुत्थान. स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, तारण झाले की मुक्ती मिळते. मध्येच श्रोता शंका विचारतो, पाद्री उत्तर देतो, कथा पुढे सरकते. आमच्या देवळात भटजींना कुणी शंका विचारली की ते पोथीवर बोट ठेवून मान वर करीत, त्याची हटकून आठवण होते. आयतारी आणि फेस्तांच्या दिवशी इगर्जीत हे पुराण लोकांपुढे वाचले जाई. १६४९ आणि १६५४मध्ये ते पुन्हा छापावे लागले.

स्टीफन्स एकटे नव्हते. एतियेन द ला क्रुवा या फ्रेंच जेजुइटाने संत पेद्रूच्या चरित्रावर मराठी पुराण लिहिले, ते १६२९मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात आपल्या देवदेवतांवर जी टीका आहे ती वाचताना मन कडू होते, हेही सांगायला हवे. उत्तरेला वसई-साष्टीकडच्या ख्रिस्ती समाजासाठी फ्रांसिस्कु वाझ द गिमारांयश या पाद्रीने १६५९मध्ये खास येशूच्या दुःखभोगावर पुराण रचले. चार शुभवर्तमानांतली कथा तिकडच्या बोलीत, ओवीच्या चालीत. म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वसईपासून सासष्टीपर्यंत या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती माणसाला कोरेज्मातली कथा आपल्या भाषेत ऐकण्याची सोय झाली होती.

आणि मग ती गेली.

२७ जून १६८४ रोजी विजरई कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. ज्यांनी देव बदलला होता, नाव बदलले होते, त्यांच्यासाठी आता जीभ बदलण्याचा हुकूम. १७४५मध्ये आर्चबिशपने पोर्तुगीज येत नसेल तर लग्न लागणार नाही असे फर्मान सोडले. घराघरातली कोकणी या हुकुमांनी मेली नाही, ती मरणारच नव्हती. पण या भाषांत ग्रंथ लिहिणे, छापणे, शिकवणे याचा आधार तुटला. १७५९मध्ये जेजुइटांनाच पोर्तुगीज मुलखातून हाकलले. ख्रिस्तपुराणाच्या त्या तीन छापांची आज एकही प्रत हाती लागत नाही.

आमच्या पूर्वजांची पुराणे ज्या सत्तेने बंद केली, तिनेच शंभर-सव्वाशे वर्षांनी, बाटलेल्या भावंडांना दिलेले पुराणही काढून घेतले. कवळ्याला आम्ही नदीपार जाऊन आपल्या ओव्या वाचवल्या. मागे राहिलेल्यांना पळायलाही जागा नव्हती. हे दुःख आमच्या घरात कधी कुणी बोलले नाही, कारण ते आपले आहे असे आम्हाला वाटलेच नव्हते.

त्यांच्यातले काही मात्र पळाले होते. गोव्यातून दक्षिणेला कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराणाच्या हाताने उतरवलेल्या नकला बरोबर नेल्या. १७८४च्या फेब्रुवारीत टिपू सुलतानाने मंगळुरी ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणाला नेले. परंपरा सांगते की तो दिवस राखेच्या बुधवारचा होता, कोरेज्माचा पहिला दिवस. १७९९मध्ये टिपू पडेपर्यंत पंधरा वर्षे ती कैद चालली. त्या काळात पाद्री नव्हता, इगर्जी नव्हती, आणि या पुराणाच्या ओव्यांनी धीर दिला असे मंगळुरी लोक सांगत आले. पुढे १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला, अशाच जपून ठेवलेल्या हस्तलिखितांवरून, ख्रिस्तपुराण पुन्हा छापले. लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रत असल्याचे जस्टिन अॅबट यांनी विसाव्या शतकात उजेडात आणले. १९५६मध्ये पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा कुठे सर्वसाधारण मराठी वाचकाला ते वाचता येऊ लागले. २०१२मध्ये नेल्सन फालकाव यांनी मूळ ओव्यांसह इंग्रजी भाषांतर दिले. जे सासष्टीत जन्मले ते सासष्टीबाहेरच्यांनी जपले.

इकडे गोव्यात कोरेज्म चालूच राहिला. खेडोपाडी मेस्तांनी लॅटिनमध्ये मोतेत रचले. मिरवणुकीत खुरूस वाहणाऱ्या येशूची मूर्ती थांबते तिथे वेरोनिका झालेली मुलगी चौरंगावर उभी राहून हातातले वस्त्र उलगडते, त्यावर येशूचा चेहरा असतो, आणि ती एकटी गाते. पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा मला त्यातला एकही शब्द कळला नव्हता, तरी अंगावर काटा आला. नंतर समजले की ते शब्द बायबलमधल्या विलापगीतातले आहेत. शहर उद्ध्वस्त झाले, देऊळ पाडले गेले, माणसे परागंदा झाली, आणि ते शहर वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्याला आपले दुःख विचारते आहे. देऊळ पाडलेल्या नगराचा विलाप सासष्टीच्या रस्त्यावर एक गोवेकर मुलगी गाते, शतकानुशतके, लॅटिनमध्ये. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना तो अर्थ कळत असेल?

वाचनांची भाषा बदलली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा ठराव संमत झाला आणि लोकभाषांना दार उघडले. १९६९मध्ये वाचनांचा नवा क्रम आला, तीन वर्षांच्या फेऱ्यात बांधलेला. गोव्यात मीस कोकणीतून होऊ लागली, वसईत मराठीतून. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४च्या जुलैत ते गेले. मिशनऱ्यांच्या प्रोटेस्टंट परंपरेत रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ ओवीतच सुरू केले. अकरा अध्यायांवर ते गेले आणि उरलेले लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ख्रिस्ताची कथा मराठीत मोठ्या प्रमाणावर सांगायची झाली की माणूस फिरून फिरून ओवीकडेच येतो.

आता त्या संध्याकाळकडे येतो. मित्र ज्या वाचनाचा सराव करीत होता ते होते रानात तहानलेल्या लोकांचे. मिसरातून सुटलेले लोक पाण्यासाठी मोशेशी भांडतात आणि मोशे खडकातून पाणी काढतो. त्याच आयताराचे शुभवर्तमान म्हणजे विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिला नवल वाटते, कारण त्यांच्या-यांच्यात पाण्याचा व्यवहार नव्हता. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको! बोलता बोलता ती विचारते की आमच्या वाडवडिलांनी या डोंगरावर भजन केले, तुम्ही म्हणता ते यरुशलेमातच करावे, मग खरे ठिकाण कुठले? येशूचे उत्तर असे, की ना हा डोंगर, ना यरुशलेम. अशी वेळ येत आहे की खरे भजन आत्म्याने होईल. मित्राने ती कथा मला वाचून दाखवली आणि मी विचारात पडलो. ज्यांचे देऊळ या डोंगरावरून त्या डोंगरावर गेले, त्यांच्या वंशजाला हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. आणि उत्तर ऐकल्यावर असेही वाटले, की हे वाक्य सासष्टीत ज्यांनी आणले, त्यांनी ते देवळांना हात लावण्याआधी एकदा वाचायला हवे होते.

त्या वर्षी मित्राच्या आईने मला पास्काच्या रात्री बोलावले. “पूता, एक रात आमगेर यो. आमचें पुराण आयक.” तिनेच ‘पुराण’ हा शब्द वापरला. तिला स्टीफन्स ठाऊक नव्हते, ख्रिस्तपुराणही नाही. शब्द मात्र जिभेवर राहिला होता.

गुरुवारपासून इगर्जीतल्या घंटा मुक्या झालेल्या असतात, त्यांच्या जागी लाकडी खडखडा वाजतो. शनिवारी रात्री बाहेर अंगणात आगटी पेटवली. तिच्यावरून मोठी मेणबत्ती लावली, तिच्यावरून प्रत्येकाने आपली छोटी. काळोख्या इगर्जीत आम्ही रांगेने शिरलो. मग वाचने सुरू झाली. जगाची उत्पत्ती. अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो ती कथा. मग मोशे. जुन्या करारातली सात वाचने या रात्रीसाठी नेमलेली आहेत. वेळेअभावी काही गाळता येतात, पण समुद्र ओलांडण्याचे वाचन कधीही गाळायचे नाही असा नियम आहे. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की हा क्रम मी आधी कुठेतरी पाहिला आहे. सृष्टीपासून सुरुवात करायची, वाट पाहायला लावायची आणि मग उजेड. ख्रिस्तपुराणाच्या दोन भागांचा क्रम हाच. पास्काच्या रात्रीचा जो प्रवास लॅटिनमध्ये अडकला होता, तोच स्टीफन्स यांनी ओव्यांत बसवून लोकांच्या हाती दिला होता.

समुद्राचे वाचन माझ्या मित्राकडे होते. तो उभा राहिला. मागे फौज, पुढे पाणी, मध्ये रात्र. माणसे बायकामुलांसह आपला देव घेऊन निघालेली. मित्र कोकणीत वाचत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे तांबडा समुद्र नव्हताच. मला दिसत होती जुवारी, आमची अघनाशिनी. दिसत होती केळशीहून निघालेली होडी, फडक्यात गुंडाळलेली देवी, वल्ह्यांचा आवाज होऊ नये म्हणून जपणारी माणसे. ज्या किनाऱ्यावरून ती निघाली, त्याच किनाऱ्यावरच्या इगर्जीत, मागे राहिलेल्यांच्या वंशजाच्या तोंडून, मी ती सुटका ऐकत होतो. राग आला का? थोडा आला. रडू आले का? तेही आले. शेजारी मित्राची आई हातातली मेणबत्ती सांभाळीत ऐकत होती, ओठ हलवीत. माझी आजी अशीच ऐकायची.

घंटा वाजल्या, दिवे लागले. घरी परतल्यावर तिने कॉफी पुढे केली आणि विचारले, “कशें दिसलें?”

मी म्हटले, “माय, आमगेल्या पुराणांतूय अशेंच आसता.”

“आसतलेंच मरे,” ती म्हणाली आणि पाव कापायला लागली.

मडगावला यायला उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातली बंडेलूंची प्रत काढली आणि चार ओव्यांच्या पुढे, पहिल्या पानापासून, मोठ्याने वाचायला बसलो. तशीच वाचली तर ती कळते. ती वाचायला लिहिलेली नाही, ऐकायला लिहिलेली आहे. पुढच्या कोरेज्मात मित्राच्या घरी जाऊन त्यातली दुःखभोगाची कथा वाचावी असे आमचे ठरले. तेव्हापासून दर वर्षी एका शुक्रवारी आम्ही बसतो. ओवी मी म्हणतो, अर्थ तो सांगतो आणि मध्येच माय शंका विचारते.